फोटो संपादनाची सुरुवात

प्रश्न : राजहंसगडावर काढलेली माझी छायाचित्रे काळपट येतात. संगणकावर गिंप हे मोफत सॉफ्टवेअर घेतले आहे. आधी काय शिकावे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आकाश अधिक निळे करण्याची घाई बहुतेकांना असते, ती आवरून प्रथम ‘लेव्हल्स’, म्हणजे छायाचित्रातील उजेड-अंधार कमी-जास्त करण्याची सोय, शिकावी. त्यातील आलेखात डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दिसतात. आलेखाखालचा मधला त्रिकोण डावीकडे सरकवल्यास अगदी काळे व अगदी पांढरे भाग तसेच राहून मधल्या छटा उजळतात, आणि सावलीतील तटबंदी स्पष्ट होते. हा बदल मूळ लेअरची (चित्राच्या थराची) प्रत काढून तिच्यावरच करावा. काम एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या फाइल-स्वरूपात जतन केल्यास लेअर शाबूत राहतात. जेपेग हे छायाचित्रांचे नेहमीचे फाइल-स्वरूप मात्र पुन्हा पुन्हा साठवताना तपशील गमावते, म्हणून ते शेवटी, कोणाला पाठवण्यापुरतेच काढावे.