धडा आधीच येत असेल तर?

प्रश्न : पाचवीतली मुलगी गणितं झटपट सोडवते. शिक्षक जादा गणितं देतात, तर ती चिडते. काय करावं?

उत्तर : तसलीच जादा गणितं आधी थांबवा, लवकर काम संपवल्याची ती शिक्षाच वाटते. धडा सुरू होण्यापूर्वी त्याची शेवटची चाचणी तिला द्या. साधारण ८५ टक्के जमलं, तर चुकलेल्या भागापुरताच सराव पुरे. वाचलेल्या तासांत एकच खोल प्रश्न घ्या : अविभाज्य संख्या कधी संपतात का? चाचणीत पायऱ्याही लिहायला लावा. नुसत्या उत्तरावर विसंबलं, तर कच्चे दुवे लपतात आणि बीजगणितात अडखळायला होतं. योजना विषयवार ठेवा. गणितात पुढे असलेलं मूल लेखनात वर्गाबरोबरच असू शकतं. दर सहा आठवड्यांनी मुलीसोबत बसून ही योजना बदला.