अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला गाडी चालवायला मनाई झाली, तर त्याच हॉस्पिटलात दुसरं काम मागता येतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमचे मोठे भाऊ सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ११ वर्षं अ‍ॅम्ब्युलन्सवर आहेत. शुगरमुळे पडद्यावर रक्तस्राव होऊन उजव्या डोळ्याची नजर गेली, डाव्या डोळ्यानं चांगलं दिसतं. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली आणि ऑफिसातून ‘राजीनामा द्या, हिशोब करून टाकू’ असा निरोप आलाय.

दुसरं काम मागता येतं. पण आधी एक सांगतो, राजीनामा लिहू नका आणि कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नका. ‘स्वेच्छेने राजीनामा देत आहे’ एवढं एक वाक्य कागदावर आलं की पुढचे सगळे मार्ग अडतात. मग कोर्टात ‘दबाव होता’ हे सिद्ध करत बसावं लागतं.

सगळ्यात जास्त गडबड होते ती डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर. तिथे नुसतं ‘अनफिट’ लिहिलेलं असतं. ऑफिस ते वाचून म्हणतं, अनफिट माणसाला ठेवायचं कशाला? म्हणून नेत्रतज्ज्ञांना भेटून दोन भागांचं सर्टिफिकेट मागा. काय करता येणार नाही ते पहिल्या भागात: रुग्णवाहिका किंवा कोणतंही वाहन चालवणं, जिन्यावरून स्ट्रेचर उतरवणं, अमुक आठवडे जड वजन उचलणं. काय करता येईल ते दुसऱ्या भागात: बसून फोनचं काम, कॉम्प्युटर, साहित्याची तपासणी, दिवसपाळी, दर इतक्या तासांनी जेवणाची सुट्टी. दोन्ही डोळ्यांची नजर चष्म्यासह आकड्यात हवी, ६/९ असेल तर ६/९. पुढच्या तपासणीची तारीखही हवी. बहुतेक डॉक्टर मागितलं तर देतात, आपणहून लिहीत नाहीत.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम २०(४) सांगतं की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेनं काढायचं नाही की खालच्या पदावर टाकायचं नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. तेही नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा तयार केलेल्या पदावर ठेवायचं. दादा सिव्हिलला, जिल्हा परिषदेत किंवा महापालिकेत कायम नोकरीत असते तर मुद्दा सरळ होता. ट्रस्टचं हॉस्पिटल या व्याख्येत बसतं ते सरकारी अनुदान किंवा नियंत्रण असेल तरच. सरकारी आरोग्य योजनेतून बिलं मिळतात ते अनुदान नव्हे, असं ऑफिस म्हणणार. माझ्या मते पहिल्या पत्रात त्या वादात शिरूच नका. खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं (कलम २१), त्या धोरणाची प्रत मागा. हा प्रश्न लेखी आला की एचआरचा सूर बदलतो.

अपंगत्वाच्या टक्क्यांत एक खोच आहे. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ६/१८ किंवा त्याहून चांगला असेल तर सरकारी मोजमापात ३०% धरतात. बहुतेक सवलतींना ४०% लागतात, म्हणून लोक सर्टिफिकेट काढतच नाहीत. काढा. स्वावलंबन या सरकारी दिव्यांग-प्रमाणपत्राच्या पोर्टलवर अर्ज करून सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, तपासणी होते. ४० च्या खाली पांढरं दिव्यांग कार्ड मिळतं. कलम २०(४) मध्ये ‘४० टक्के’ हा शब्द नाही, त्यामुळे हे कार्ड कामाचं आहे. शिवाय १ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं तेलंगणच्या परिवहन महामंडळातल्या रंगांध ड्रायव्हरच्या बाजूनं निकाल दिला. पर्यायी काम आहे का हे मालकानं खरोखर शोधलं पाहिजे, नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही, असा त्याचा रोख आहे. तो मालक सरकारी महामंडळ होता, तरी पत्रात उल्लेख करायला हरकत नाही.

पत्रात ‘कोणतंही हलकं काम द्या’ असं लिहू नका. तसं लिहिलं की गेटवर खुर्ची टाकून बसवतात आणि तीन महिन्यांनी ‘गरज नाही’ म्हणतात. कामाचं नाव घेऊन मागा.

पहिलं काम कॉलवरचं. गाडी पाठवणाऱ्या माणसाला नकाशापेक्षा बोळ माहीत असावे लागतात: पूर्व भागात कुठल्या गल्लीत मोठी गाडी वळत नाही, विडी घरकुल वसाहतीतल्या घरांच्या एकसारख्या ओळींत खूण काय विचारायची, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानाकडचे कुठले रस्ते बंद असतात. फोन करणारा घाबरून तेलुगू किंवा कन्नडमध्ये बोलायला लागला तरी जुना ड्रायव्हर गांगरत नाही. यासाठी लागतं ते फार नाही: मोठा मॉनिटर, अक्षरं १५० टक्क्यांवर, हेडसेट, आणि टेबल असं की दार आणि माणसं डाव्या हाताला येतील. उजवीकडून कोणी आलं तर दिसणार नाही आणि दिवसभर दचकायला होईल.

दुसरं काम गाडी सुटण्याआधीच्या तपासणीचं, आणि हे हॉस्पिटलला खरोखर हवं असतं. बी टाइप ऑक्सिजन सिलिंडर भरलेला असताना दाबाचा काटा १५० बारच्या आसपास असतो आणि आत साधारण १५०० लिटर. मिनिटाला १० लिटरनं तो अडीच तास चालतो. काटा ५० वर असेल तर उरतात ५० मिनिटं. पंढरपूर ते सोलापूर सत्तरेक किलोमीटर आहे, म्हणजे ५० वरचा सिलिंडर घेऊन निघालेली गाडी वाटेतच अडचणीत येणार. हे आकडे, सक्शनची बॅटरी, डिफिब्रिलेटरच्या (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राच्या) पॅडची मुदत, स्ट्रेचरचं लॉक, टायर, इन्शुरन्स आणि पीयूसीच्या तारखा हे सगळं रोज दोनदा बघणारा एक माणूस हवाच. यादी १८ पॉइंटच्या ठळक अक्षरात छापा, काट्यावर ५० पाशी लाल टेप चिकटवा. एक डोळा गेल्यावर सुरुवातीला अंतराचा अंदाज चुकतो. ह्युमिडिफायरच्या, म्हणजे ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत ओतताना पाणी बाहेर सांडतं, स्पॅनर सिलिंडरच्या स्पिंडलवर बसत नाही. दुसऱ्या हातानं चाचपून बसवायची सवय काही आठवड्यांत लागते. रॅम्पच्या कडेला आणि पहिल्या-शेवटच्या पायरीला पिवळी पट्टी मारून घ्या.

मदतनीस म्हणून गाडीवर पाठवतो म्हणाले तर सध्या नको म्हणा. रक्तस्राव ताजा आहे, वजन उचलायचं कधी ते डोळ्याचे डॉक्टर ठरवतील.

इन्शुलिन चालू असेल तर दिवसपाळी आणि ठरलेल्या वेळी जेवण हे पत्रात येऊ द्या. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४० च्या वर असतो, म्हणून वॉर्डच्या फ्रिजमध्ये पेन ठेवायची परवानगीही मागा.

‘माणूस येईपर्यंत दोन रात्री चालवा’ असं कोणी म्हणेल. ऐकू नका. आजारामुळे चालक अयोग्य वाटला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ नुसार आरटीओ लायसन्स रद्द करू शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करायला बघेल. डॉक्टरांचं पत्र फाइलला असताना गाडी दिली, हे ट्रस्टलाच महागात पडेल. हेच त्यांना शांतपणे सांगा.

पगाराचं लेखी घ्या. पद बदलताना ‘ड्रायव्हर’चं ‘हेल्पर’ होतं आणि मूळ पगार गुपचूप खाली येतो. सहा आठवडे चाचणी, मग आढावा, तोवर पगार तोच, असं सुचवलं तर ऑफिसला होकार देणं सोपं जातं. पत्र आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं पत्र नंतर कोणाला आठवत नाही. सरकारी किंवा अनुदानित संस्था निघाली तर तक्रार निवारण अधिकारी असतो, त्यानं दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. तिथे दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो.

पगारातून कामगार विम्याची (ईएसआय) कपात होत असेल तर घाई करायचं कारणच नाही. आजारपणाचा लाभ वर्षात ९१ दिवस पगाराच्या ७०% मिळतो. शुगरमुळे पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या वाढलेली रेटिनोपॅथी ही दीर्घ आजारांच्या यादीत आहे. त्यात ८०% दरानं, वैद्यकीय बोर्डाच्या मंजुरीनं दोन वर्षांपर्यंत लाभ वाढतो. अट अशी की सलग दोन वर्षं नोकरी आणि त्यात किमान १५६ दिवसांची वर्गणी. सर्टिफिकेट मात्र विमा दवाखान्यातलं लागतं, खासगी डॉक्टरांचं सहसा चालत नाही. सोमवारी आधी तिथे जा, मग ऑफिसला.