राखाडी साडी नव्हती त्या दिवशी

प्रश्न : मी एका शाळेत शिक्षिका आहे. नवरात्रात आम्ही सगळ्याजणी त्या त्या दिवसाच्या रंगाची साडी नेसतो आणि मधल्या सुट्टीत एकत्र फोटो काढतो. गेल्या वर्षी शनिवारी राखाडी रंग होता. तशी साडी माझ्याकडे नसल्याने मी निळी नेसून गेले. कोणी काही बोलले नाही, तरी फोटोच्या वेळी मी आपोआप मागच्या रांगेत जाऊन उभी राहिले. यंदा तसे नको म्हणून तीन नव्या साड्या घेतल्या. एरवी मी कोणाच्या दबावाखाली येणारी नाही, मग हे असे का झाले?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ‘कोणी काही बोलले नाही’ हे तुमच्या पत्रातले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण गटाचा दबाव जाणवण्यासाठी कोणी बोलावेच लागते असे नाही. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली मांडलेल्या प्रयोगात, समोरच्या तीन रेषांपैकी कोणती रेष नमुन्याच्या रेषेएवढी आहे, एवढेच सांगायचे होते. उत्तर उघड दिसत होते. पण गटातली बाकीची माणसे आधीच ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देत, आणि ते ऐकून खऱ्या सहभागींपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी तेच चुकीचे उत्तर दिले. त्यांना कोणी धमकावले नव्हते की हसले नव्हते. एकटे पडण्याची कल्पनाच पुरेशी होती. तेव्हा तुम्ही स्वतःला कमकुवत मनाची समजू नका.

नऊ रंगांची ही प्रथा शास्त्रात सांगितली आहे, असा अनेकींचा समज असतो. प्रत्यक्षात यातले बहुतेक रंग वारांवरून ठरतात. रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, शनिवारी राखाडी. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत मराठी वृत्तपत्रांनी रोजचा रंग आणि वाचक महिलांची छायाचित्रे छापायला सुरुवात केली आणि ही प्रथा कार्यालये, लोकलचे डबे, शाळा असे करत घरोघरी पोहोचली. माझ्या मते तिचे खरे बळ रंगात नसून फोटोत आहे. वर्गावर शिकवताना तुमची निळी साडी कोणाला खटकली नसती. वीस राखाडी साड्यांच्या शेजारी मात्र ती लगेच दिसते, आणि फोटो ग्रुपवर पडला की दिसतच राहते. ॲशच्या प्रयोगातही उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहून देण्याची मुभा मिळाली, की गटाची री ओढण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होत असे.

यातला आनंद मी नाकारत नाही. वर्षभर पेपर तपासणाऱ्या, तास सांभाळणाऱ्या बायका नऊ दिवस हौसेने नटतात आणि एकमेकींच्या साडीचा पदर हातात घेऊन पोत बघतात. ते सुख खरे आहे. मला काळजी वाटते ती तुमच्या शाळेतल्या मावशींची. नऊ रंगांच्या नऊ साड्या ज्यांच्या कपाटात नाहीत, त्या फोटोच्या वेळी नेमक्या कोठे असतात, हे यंदा जरूर पाहा. पाण्याचे पिंप भरायला किंवा व्हरांडा झाडायला त्या त्याच वेळी गेल्या असतील, तर त्यामागचे कारण तुम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच प्रयोगातला आणखी एक निष्कर्ष तुमच्या उपयोगाचा आहे. गटात बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती असला, तरी सहभागींच्या चुका सुमारे एक चतुर्थांशावर येत. म्हणून नव्या साड्या आनंदाने नेसा. पण शनिवारी ती निळीच नेसा, आणि फोटोच्या वेळी मावशींना हाक मारून त्यांच्यासह पहिल्या रांगेत उभ्या राहा.