कॅम्परव्हॅनमधल्या (राहत्या गाडीतल्या) पंखा-दिव्यांच्या बॅटऱ्या बदलताना

भाऊ, गाडीतले पंखा-दिवे चालवणाऱ्या दोन्ही बॅटऱ्या बदलायच्या म्हणतोस, पण एकदम मोडीत काढू नको. फुल चार्ज कर, वायरी सोडून रात्रभर ठेव, सकाळी मीटर लाव. 12.6 व्होल्ट दाखवते ती बहुधा जिवंत, 12.2 वर घसरली ती गेलीच. पंखा-दिव्यांचा लोड टाकून व्होल्टेज कोसळतं का, तेही बघ. मग चांगल्या एकीवरच पंखा-दिवे भागव. नवीला जुनीची जोड देऊ नको, जुनी तिलाही बुडवते. मी ती चूक केली, वर्षभरात दोन्ही गेल्या!

घ्यायचीच तर इन्व्हर्टरची 150 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण क्षमता) ट्यूब्युलर, म्हणजे पाणी भरायची शिशाची बॅटरी घे, लिथियमपेक्षा बरीच स्वस्त. मात्र चार्ज निम्म्याखाली उतरवू नको. चार्जिंगला गॅस सुटतो, बॅटरीच्या पेटीला बाहेर हवा जायला भोक ठेव. आपल्याकडच्या मे महिन्यात, 45 अंशांत, पाणी भराभर आटतं. दर पंधरवड्याला झाकणं उघड, प्लेटा उघड्या दिसल्या तर डिस्टिल्ड वॉटर टाक, बोअरचं नाही. जुनी दुकानदारालाच दे, शिशाचे पैसे वळते होतात.