दोन्ही कामांत सरस असलेल्याने सौदा का करावा?

प्रश्न : दोन सुतारांपैकी एक जण टेबल आणि खुर्ची दोन्ही दुसऱ्यापेक्षा कमी वेळात करतो. मग त्याने दुसऱ्याकडून काही घ्यावेच कशाला? ज्याला जे काम तुलनेने स्वस्त पडते ते त्याने करावे आणि बाकीचे सौद्याने घ्यावे, हा तुलनात्मक लाभाचा सिद्धांत इथेच कळेनासा होतो.

उत्तर : अडचण येते ती दोघांचे तास एकमेकांशेजारी मांडल्यामुळे. त्या मांडणीतून निरपेक्ष लाभ, म्हणजे कोण कमी वेळात काम करतो ते कळते, पण सौदा परवडेल की नाही ते कळत नाही. त्यासाठी प्रत्येकाचे एक काम त्याच्याच दुसऱ्या कामाशी ताडून पाहावे लागते. एक टेबल करताना त्याच्या हातून किती खुर्च्या सुटतात? हाच टेबलाचा संधी खर्च.

समजा, पहिल्याला टेबलाला ४ तास आणि खुर्चीला २ तास लागतात. दुसऱ्याला १२ आणि ३. पहिल्याला एक टेबल २ खुर्च्यांना पडते, दुसऱ्याला ४ खुर्च्यांना. म्हणजे टेबल पहिल्याकडे स्वस्त. खुर्ची मात्र दुसऱ्याकडे स्वस्त, कारण तिच्यापायी त्याचे पाव टेबल जाते, पहिल्याचे अर्धे. वेळेत मागे असलेला माणूसही एका कामात स्वस्त निघतो, तो असा.

दोघांकडे आठवड्याला ४८ तास आहेत आणि दोघे ते निम्मे निम्मे वाटतात. पहिल्याची ६ टेबले, १२ खुर्च्या होतात. दुसऱ्याची २ टेबले, ८ खुर्च्या. एकूण ८ टेबले, २० खुर्च्या.

आता दुसऱ्याने फक्त खुर्च्या कराव्यात : १६. पहिल्याने ४० तासांत १० टेबले आणि उरलेल्या ८ तासांत ४ खुर्च्या. खुर्च्या पूर्वीइतक्याच, २०. टेबले मात्र १०. दुसऱ्याने ८ खुर्च्या देऊन ३ टेबले घेतली, तर पहिल्याकडे ७ टेबले, १२ खुर्च्या राहतात आणि दुसऱ्याकडे ३ टेबले, ८ खुर्च्या. तेवढ्याच तासांत प्रत्येकाला एक टेबल जास्त.

इथे एक चूक फार होते. ‘विशेषीकरण’ म्हटले की दोघांनाही पूर्णपणे एकाच कामाला लावले जाते. तसे केले तर १२ टेबले होतील, पण खुर्च्या १६च, म्हणजे आधीपेक्षा ४ कमी. ज्याची क्षमता मोठी त्याला बरेचदा दुसरे कामही थोडे करावे लागते.

एका टेबलाचा भाव २ आणि ४ खुर्च्यांच्या मध्ये कुठेही ठरू शकतो. दोनच्या खाली गेला तर पहिला म्हणेल, खुर्च्या मीच करतो. चारच्या वर गेला तर दुसरा टेबले स्वतः करील. त्या पट्ट्यात नेमका आकडा कोणता, हे घासाघीस आणि मागणी ठरवते. दोघांचे संधी खर्च सारखेच असते, तर हा पट्टाच उरला नसता आणि या कारणाने होणारा लाभही.

प्रश्न : गणितात भागाकार कधी सरळ, कधी उलटा का करतात?

उत्तर : आधी तक्त्याचे शीर्षक वाचा. एका नगाला लागणारे श्रम दिले असतील, तर टेबलाचे श्रम भागिले खुर्चीचे श्रम म्हणजे टेबलाचा खर्च, खुर्च्यांमध्ये. ठरावीक वेळेतले उत्पादन दिले असेल, तर खुर्च्यांची संख्या भागिले टेबलांची संख्या. वरचाच पहिला सुतार ४८ तासांत १२ टेबले किंवा २४ खुर्च्या करतो. २४ भागिले १२, उत्तर तेच २. हे उलटे केले की लाभ चुकीच्या माणसाकडे जातो आणि पुढचे सगळे गणित बिघडते.

हा सिद्धांत मांडताना अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७मध्ये श्रमाचे आकडे दिले होते. ठरावीक कापडाला इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसे, तर पोर्तुगालमध्ये ९०. ठरावीक वाइनला १२० आणि ८०. कापडाचा खर्च वाइनमध्ये काढला तर इंग्लंडमध्ये १००/१२०, सुमारे ०.८३, पोर्तुगालमध्ये ९०/८०, म्हणजे १.१२५. कापड इंग्लंडचे, वाइन पोर्तुगालची. एकास एक अदलाबदल झाली, तर इंग्लंडचे २० आणि पोर्तुगालचे १० माणसांचे वर्षभराचे श्रम वाचतात.

प्रश्न : वाहतुकीत हा लाभ बुडत नाही का?

उत्तर : बुडू शकतो, म्हणून तो तासांत मोजून बघा. वरच्या सौद्यात पहिल्याची कमाई एक टेबल, म्हणजे त्याचे ४ तास. मालाच्या ने-आणीत त्याचे आठवड्याला ६ तास जात असतील, तर सौदा त्याला तोट्याचा. तेच ६ तास दुसऱ्याने दिले, तर त्याच्या २ खुर्च्या कमी होतील आणि हातात ३ टेबले, ६ खुर्च्या राहतील; एकट्याने ३ टेबले केली असती तर ३६ तास त्यांतच गेले असते आणि खुर्च्या ४च झाल्या असत्या. त्याला १२ तासांपर्यंतची ने-आण सोसते. वाहतूक कोणी करायची, हाही तुलनात्मक लाभाचाच प्रश्न आहे, आणि भाव ठरवण्याआधी तो सोडवावा.