कॅटॅलिना आणि मांजर

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातल्या 'कॅटॅलिना' या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना 'ब्लॅक कॅट' म्हणत. मग हे नाव मांजरावरूनच आलं ना? आणि पीबीवाय म्हणजे काय?

मांजराचा काही संबंध नाही. ही व्युत्पत्ती सतत कानावर येते आणि नुसत्या तारखा पाहिल्या तरी टिकत नाही. नाव ब्रिटिशांनी दिलं, अमेरिकी नौदलाने ते 1 ऑक्टोबर 1941 ला स्वीकारलं. रात्री हल्ले करणारी काळी 'ब्लॅक कॅट' विमानं सॉलोमन बेटांवर उतरली डिसेंबर 1942 मध्ये. काळा रंगही नाइलाजाचा. हे संथ विमान दिवसा शत्रूला सहज सापडे. 4 एप्रिल 1942 ला श्रीलंकेच्या दक्षिणेला कॅनडाचे वैमानिक लिओनार्ड बर्चल यांच्या कॅटॅलिनाने जपानी आरमार हेरलं. संदेश पुरता जायच्या आत 'झीरो' या जपानी लढाऊ विमानांनी ते विमान पाडलं.

पीबीवाय हे याच विमानाचं अमेरिकी नौदलातलं नाव. त्यातला पी गस्तीचा, म्हणजे पॅट्रोलचा, आणि बी बॉम्बरचा. वाय ही विमान बांधणाऱ्या कन्सॉलिडेटेड कंपनीची खूण, कारण सी हे अक्षर कर्टिस या दुसऱ्या कंपनीने आधीच अडवलं होतं. हेच विमान कॅनडात व्हिकर्सने बांधलं की पीबीव्ही. तेव्हा 'पीबीवाय बॉम्बर' लिहिणं सोडा. बॉम्बर त्यात आलेला आहे.

आता खरी गंमत. नाव आलं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या सांता कॅटॅलिना बेटावरून. 1602 च्या नोव्हेंबरात स्पॅनिश दर्यावर्दी विस्काइनो तिथे पोचला तो संत कॅथरिनच्या सणाच्या सुमारास, म्हणून हे नाव. तो सण 25 नोव्हेंबरचा. आणि 1510 साली पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने गोवा जिंकला तोही 25 नोव्हेंबरलाच! म्हणून जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल याच संत कातारिनाचं. स्पॅनिश कॅटॅलिना आणि पोर्तुगीज कातारिना ही एकाच नावाची दोन रूपं.

नावांच्या कोशांत 'कॅथरिन म्हणजे शुद्ध' असं बिनदिक्कत छापतात. ते चूक आहे. ग्रीक रूप 'ऐकातेरिने'. त्यात 'थ' नाहीच. तो पुढे लॅटिन लेखनात घुसला, 'काथारोस' म्हणजे शुद्ध, या शब्दाच्या ओढीने. कोशकारांनी परिणामालाच मूळ मानलं. मला पटतं ते 'हेकातेरोस' : दोहोंपैकी प्रत्येक. आणि या विमानाला ते किती शोभतं! प्रत्येकी 14 सिलिंडरची, 1200 अश्वशक्तीची दोन 'ट्विन वास्प' इंजिनं, उंच पंखावर अगदी जवळजवळ बसवलेली. उंचावर अशासाठी, की पाण्यावरून उडताना तुषार पंख्यांना लागू नयेत. आणि जवळ असल्यामुळे एक बंद पडलं तरी विमान एका बाजूला फार ओढलं जात नाही. दोन्हींवर नजर ठेवणारा अभियंता पंख आणि धड जोडणाऱ्या खांबातच बसे.