लावापिएसमधले चादरवाले, त्यांचे कागद आणि आपलं भाडं

तू विचारलंयस ते थोडक्यात असं, की रिमोट जॉबच्या व्हिसावर माद्रिदला आलास, लावापिएसमध्ये फ्लॅट भाड्याने घेतलास, आणि सोल नाहीतर ग्रान व्हिआ या शहराच्या मध्यभागातल्या गर्दीच्या ठिकाणी गेलं की जमिनीवर पांढरी चादर पसरून बॅगा-बूट-टी-शर्ट विकणारी सेनेगाली पोरं दिसतात, पोलीस आले की चार कोपऱ्यांच्या दोऱ्या ओढून गाठोडं खांद्यावर टाकून पळतात, तर हे लोक सरळ लायसन्स का काढत नाहीत किंवा नोकरी का धरत नाहीत. दुसरं, तुझा घरमालक म्हणतो यांच्यामुळेच एरिया बिघडला. आणि तिसरं, तुझ्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या खोलीत राहणारा बांगलादेशी मुलगा तुला 'माझी पाद्रोनमध्ये (महापालिकेच्या रहिवाशांच्या रजिस्टरमध्ये) नोंद करू देशील का' म्हणून विचारतोय आणि तुला भीती वाटतेय. मी या भागात बरीच वर्षं राहते, शेजारच्या लोकांचे अर्ज भरायला मदत करते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, कारण तुझे तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेत आणि सुटे करून सांगितले तर काहीच कळणार नाही.

लायसन्सचं आधी. रस्त्यावर विकायचा परवाना महापालिका देते, पण तो मागायला जाताना हातात आधी स्पेनमध्ये राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना लागतो, स्वयंरोजगारवाला म्हणून सोशल सिक्युरिटीत नोंद लागते आणि तिची दर महिन्याची वर्गणी भरावी लागते. म्हणजे ज्याच्याकडे कागद नाहीत त्याला हा अर्ज भरताच येत नाही, आणि ज्याच्याकडे कागद आहेत तो बहुतेक वेळा चादर सोडून हॉटेलच्या किचनमध्ये, बांधकामावर, नाहीतर शेतावर काम करतो. नोकरीचंही तसंच, कागदांशिवाय कोणी कायदेशीर कामावर घेऊ शकत नाही, घेतलं तर मालकालाच मोठा दंड. त्यामुळे 'लायसन्स का नाही' या प्रश्नाचं उत्तर 'कागद का नाहीत' इथे जाऊन थांबतं.

कागद मिळवायचा जो रस्ता आहे त्याला इथे आराइगो म्हणतात, म्हणजे रुजणं. ठराविक वर्षं सलग इथे राहिलात, गुन्ह्याची नोंद नाही, आणि कामाचा करार देणारा मालक शोधलात की अर्ज करता येतो. ही मुदत बरीच वर्षं ३ वर्षांची होती, २० मे २०२५ पासून नवीन नियमावली लागू झाली आणि ती २ वर्षांवर आली, करारही आठवड्याला २० तासांचा चालतो. पूर्वीपेक्षा नक्कीच बरं आहे. पण यातली अट नीट बघ, २ वर्षं इथे राहिल्याचा पुरावा दे, मात्र त्या २ वर्षांत काम करायला बंदी. मग त्या माणसाने खायचं काय, भाडं कशातून द्यायचं, गावाकडे पैसे कुठून पाठवायचे, याचं उत्तर कायद्यात कुठेच नाहीये, ते त्याने आपलं आपण शोधायचं, आणि ते शोधलं की मग त्याला अवैध धंदा म्हणायचं. २००६ मध्ये ३१ हजारांहून जास्त माणसं लाकडी होड्यांतून कॅनरी बेटांवर उतरली, त्यात सेनेगालची खूप होती, आणि आज चादरीवर दिसणाऱ्या जुन्या लोकांपैकी कितीतरी त्या काळातले आहेत. आदल्याच वर्षी, २००५ मध्ये, सरकारने साडेपाच लाखांहून जास्त लोकांना एका झटक्यात कागद दिले होते, ही मंडळी नंतर आली म्हणून बाहेर राहिली.

आणि मग येतो दंडसंहितेचा भाग, हा बहुतेक लोकांना माहीतच नसतो. नकली ब्रँडचा माल रस्त्यावर विकणं २०१० च्या सुधारणेनंतर, फायदा किरकोळ असेल तर, छोट्या अपराधात मोडायचं. २०१५ च्या सुधारणेने तो छोट्या अपराधांचा प्रकारच काढून टाकला, त्यामुळे चादरीवर विकणं सरळ गुन्हा झाला, ६ महिने ते २ वर्षं कैद, न्यायाधीशाला वाटलं की माणूस गरीब आहे नि कमाई थोडी आहे तर दंड किंवा ३१ ते ६० दिवस समाजोपयोगी काम. ऐकायला हे सौम्य वाटतं ना, की चला जेल तर नाही. पण नोंद राहते. दंड भरला तरी नोंद राहते, आणि शिक्षा संपल्यानंतर ठराविक मुदत जाऊन ती रद्द होईपर्यंत आराइगोचा अर्ज नामंजूर. मी असे अर्ज परत आलेले बघितलेत, ज्यात वर्षं पूर्ण, करार तयार, भाषा चांगली, आणि पाच-सहा बॅगांच्या केसमुळे सगळं वाया. पळताना पोलिसाला धक्का लागला असं रिपोर्टमध्ये आलं तर त्याची केस वेगळी, ती याहून वाईट. माल नकली नसेल, म्हणजे छत्र्या, ओढण्या, तर फक्त महापालिकेचा दंड आणि माल जप्त, पण असल्या मालात सुटतं किती, म्हणून लोक ब्रँडकडे वळतात.

निवासाचा कायदा एका ठिकाणी बनला, दंडसंहिता दुसऱ्या ठिकाणी, विक्रीचे नियम तिसऱ्या ठिकाणी, पण तिन्ही एकाच माणसाच्या डोक्यावर येऊन बसतात आणि एकाने दिलेली वाट दुसरा बंद करतो. मामे म्बाये नावाचा सेनेगाली विक्रेता १५ मार्च २०१८ ला लावापिएसमध्येच कॅये देल ओसो या रस्त्यावर कोसळला आणि हृदय बंद पडून गेला, तेव्हा त्याला स्पेनमध्ये येऊन १० वर्षांहून जास्त झाली होती आणि तरीही त्याच्याकडे कागद नव्हते. त्याचे साथीदार म्हणाले की सोलपासून पोलीस मागे लागले होते, पोलिसांनी सांगितलं की तो कोसळला तेव्हा कोणी पाठलाग करत नव्हतं, त्या रात्री इथे दगडफेक, जाळपोळ सगळं झालं. पाठलागाचा वाद एकवेळ बाजूला ठेव, मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा, की इतकी वर्षं एका शहरात काढलेल्या, याच गल्लीतल्या माणसाला या शहराने राहण्याचं एक कार्ड देऊ नये.

आता घरमालकाचं म्हणणं, एरिया यांनी बिघडवला. लावापिएसमध्ये ही माणसं आली कारण इथे कोणाला राहायचं नव्हतं. इथल्या जुन्या कोराला म्हणजे मधे चौक, भोवती लाकडी कठड्याच्या गॅलऱ्या, ओळीने एवढ्याएवढ्या खोल्या, पूर्वी संडासही सामायिक, आपल्या गिरणगावातल्या चाळी डोळ्यांसमोर आण म्हणजे झालं. म्हातारी मंडळी वारत गेली, मुलं उपनगरांत गेली, खोल्या पडून राहिल्या, आणि मोरोक्को, बांगलादेश, चीन, सेनेगाल इथून आलेल्यांनी त्या भरल्या, बंद गाळे परत उघडले. चिनी होलसेलवाल्यांची दुकानं तर गल्लोगल्ली होती, त्यातली बरीच नंतर माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादाच्या कोबो कायेखा औद्योगिक वसाहतीत गेली. मग १९९७ पासून सरकारी पैशाने इमारती दुरुस्त व्हायला लागल्या, जे व्हायलाच हवं होतं, रेइना सोफिया म्युझियम खालच्या टोकाला होतंच, २००२ ला कासा एन्सेन्दिदा हे सांस्कृतिक केंद्र आलं, नाटकाचं मोठं थिएटर आलं. भाग सुधारला आणि सुधारला म्हणून महाग झाला, आणि ज्यांनी तो वाईट काळात जिवंत ठेवला त्यांना सुधारणेचा फायदा घ्यायला कोणी थांबू दिलं नाही.

यात सुद्धा कायदेच आहेत बरं, आपोआप काही नाही होत. २०१३ मध्ये भाडेकराराची सक्तीची मुदत ५ वर्षांवरून ३ वर केली, म्हणजे दर ३ वर्षांनी भाडं वाटेल तेवढं वाढवायची सोय, ती २०१९ मध्ये परत ५ झाली, मालक कंपनी असेल तर ७. जुन्या दुकानांचे गोठवलेल्या भाड्याचे करार ३१ डिसेंबर २०१४ ला संपले, आणि कितीतरी चांभार, सुतार, किराणावाले पुढच्या काही महिन्यांत गेले. टुरिस्ट फ्लॅटांवर शहराने खरी मर्यादा आणली ती २०१९ मध्ये, तोवर अर्धा जिना सुटकेसवाल्यांचा झालेला. टाइम आउट मासिकाने एम्बाखादोरेस, म्हणजे लावापिएस ज्या वस्तीत येतं ती, जगातली सगळ्यात कूल वस्ती ठरवली २०१८ मध्ये, मामे म्बाये गेला त्याच वर्षी. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये अर्गुमोसा रस्त्यावरच्या ११ नंबरच्या इमारतीतून चार कुटुंबांना पोलीस आणून बाहेर काढलं, शेजारी खाली रस्त्यावर बसले होते तरी. ती कुटुंबं चादरीवाल्यांमुळे गेली नाहीत.

२०१३ चाच आणखी एक कायदा आहे, त्याने काय केलं तर ५ लाख युरोंचं घर घ्या आणि स्पेनमध्ये राहण्याचा परवाना घ्या. ना वर्षं मोजायची, ना रुजल्याचा पुरावा, ना कामाचा करार, इथे वर्षभर राहायचीही सक्ती नाही. ही सोय ३ एप्रिल २०२५ ला बंद झाली, पण बारा वर्षांच्या आसपास चालली. आणि तुझा रिमोट कामाचा व्हिसाही त्याच कायद्यात २०२२ च्या अखेरीस जोडला गेला, अर्ज इथे येऊन केला तर २० दिवसांत निर्णय द्यायचा, नाही दिला तर मंजूर समजायचा. यात तुझा दोष काहीएक नाही, तू कायद्याने मिळालेला रस्ता घेतलास, मी असते तर मीही घेतला असता. पण एकाच देशाचे कायदे एकासाठी २० दिवस मोजतात आणि दुसऱ्यासाठी वर्षं, आणि ज्याच्यासाठी दिवस मोजले जातात तो जास्त भाडं देऊ शकतो, म्हणून ज्याच्यासाठी वर्षं मोजली जातात त्याची खोली जाते, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. एरिया कोणी बदलला हे घरमालकाला विचारायचं असेल तर तुझ्या आधी त्या फ्लॅटमध्ये कोण राहायचं आणि किती भाडं द्यायचं, हे विचार.

आणि खोली गेली की फक्त छप्पर नाही जात, म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला मी सगळ्यात महत्त्वाचा धरते. पाद्रोन म्हणजे महापालिकेचं रहिवाशांचं रजिस्टर. कागद असोत नसोत, इथे राहणाऱ्या प्रत्येकाची त्यात नोंद व्हायला हवी, असं कायदाच म्हणतो. आराइगोसाठी २ वर्षं मोजली जातात ती मुख्यतः याच नोंदीवरून. औषधपाण्याच्या पावत्या, पैसे पाठवल्याच्या पावत्या, बस-मेट्रोचा पास हे सगळं जोडता येतं, पण पाद्रोन नसेल तर अर्ज लंगडाच. बाहेरून आलेल्या, कायम वास्तव्याचा परवाना नसलेल्या माणसाला ही नोंद दर २ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, विसरला तर नाव कटतं, आणि कटलेले महिने नंतर ऑफिसला समजावत बसावं लागतं. घरमालकांना मात्र नोंद नको असते, कारण मग घरात किती माणसं आहेत, भाडं जाहीर केलंय की नाही, हे दिसतं. त्यामुळे पूर्वी कोणा ओळखीच्या बाईच्या खोलीत राहून सहज नोंद व्हायची, ती खोली टुरिस्ट फ्लॅट झाली की माणूस दुसऱ्या टोकाला कुठेतरी तीन-तीन जण एका खोलीत जातो, तिथला मालक नोंद करू देत नाही, आणि काही ठिकाणी तर नोंदीचे वेगळे पैसे मागतात. असं भाडेवाढीने त्याचं आराइगोचं घड्याळच थांबतं.

तर तुझ्या बांगलादेशी मित्राचं. करार तुझ्या नावावर आहे असं तू लिहिलंयस, म्हणजे तू त्याला अधिकृतपणे हो म्हणू शकतोस, नोंदीच्या फॉर्मवर परवानगीची सही, तुझ्या कराराची आणि ओळखपत्राची कॉपी, आणि त्याचा पासपोर्ट. महापालिकेच्या ०१० नंबरवर फोन करून अपॉइंटमेंट मिळते, तारखा लांबच्या असतात, सकाळी लवकर फोन कर. नोंद केल्याने त्याला तुझ्या घरावर कसलाही हक्क मिळत नाही, पाद्रोन फक्त कोण कुठे राहतो एवढंच लिहितं. पोटभाडेकरू ठेवायला करारात बंदी आहे का ते मात्र वाच, तो तुझा आणि मालकाचा वेगळा विषय आहे आणि तो आधी निस्तर. 'नोंद करता येणार नाही' असं नुसतं कलम असेल तर त्याने महापालिका बांधली जात नाही, खरंच तिथे राहत असेल तर नोंद करावीच लागते, कोणी परवानगी देत नसेल तर महापालिका स्वतः येऊन खात्री करून घेऊ शकते, वेळ लागतो एवढंच. पोलिसांना पाद्रोनची माहिती बघायची मुभा २००३ पासून कायद्यात आहे आणि त्यामुळे ही मुलं घाबरतात, पण माझ्या अनुभवात नोंद केल्यामुळे कोणाच्या दारात कोणी आलेलं नाही, नोंद न केल्यामुळे वर्षं गमावलेले मात्र बरेच आहेत.

चादरीवाल्यांचे चेहरे दिसतील असे फोटो-व्हिडिओ कुठे टाकू नकोस, हेही सांगून ठेवते. आणि त्या मुलाची आधी कुठे नोंद होती का ते विचार, असेल तर तिची २ वर्षं कधी भरतात ती तारीख लिहून घे, नाव कटायच्या आत तुझ्या पत्त्यावर बदलली तर मधे खंड पडत नाही.